मागून पुढे गेलेला ओरखडा

मावळात राहून बोटींचं काम करतो असं सांगितलं की माणसं आधी हसतात. समुद्र घाटाखाली आणि हा माणूस घाटावर. मग मी त्यांना पवनेचं धरण सांगतो, हॉटेलांची तळी सांगतो, लोणावळ्याच्या बंगल्यांमधून ताडपत्रीखाली झोपलेल्या बोटी सांगतो. तरी विचारतात, "म्हणजे तुम्ही बोट चालवता?" नाही. मला तर पोहताही येत नाही. मी बोटीच्या अंगावरचे ओरखडे काढतो.

या अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा मी दोन महिने टाळलं. काम सांगणं सोपं आहे. पण कामाबद्दल खरं लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती चार माणसांसमोर एकदा सांगून झाली असली तरी लिहिलेली नव्हती. आता लिहितो.

आधी काम. फायबरची बोट साच्यात उलटी जन्मते. साच्याला सगळ्यात आधी जेलकोट मारतात. जेलकोट म्हणजे रंग घातलेलं दाट रेझिन, सायीसारखं. त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि साधं रेझिन, असे थरावर थर. सुकल्यावर बोट साच्यातून काढली की जो थर पहिला मारला तोच सगळ्यात वर येतो. जाडी म्हणाल तर हाताच्या नखाएवढी. बोटीची चमक, रंग, पाण्यापासूनची राखण, सगळं त्या नखाएवढ्या थरात. माझी सगळी कारागिरी तेवढ्याच जाडीत चालते. जास्त घासलं गेलं तर खालची चटई डोकावते. आम्ही म्हणतो, जाळी दिसली. जाळी दिसली की मिस्त्री हरला.

ओरखड्यावरून आधी नख फिरवायचं. नख अडलं नाही तर नुसत्या घासायच्या कागदाने भागतं. अडलं तर ओरखडा आणखी रुंद उघडायचा, त्यात हार्डनर घातलेला नवा जेलकोट भरायचा आणि वर प्लास्टिकचा तुकडा चिकटवायचा, कारण उघड्या हवेत हा माल वरून चिकटच राहतो. तो कडक झाला की घासकाम. वॉटर पेपर पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि चारशे नंबरपासून सुरुवात. मग सहाशे, आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाच्या रेघा काढायच्या आणि स्वतःच्या बारीक रेघा ठेवून जायचं. शेवटी कंपाउंडची पेस्ट लावून मशीन आणि त्यावर मेण.

हजाराच्या पुढे आवाज बदलतो. खरखर संपते आणि कुणीतरी दुसऱ्या खोलीत तांदूळ पाखडतंय असं काहीतरी ऐकू येतं. पाणी दुधाळ होऊन बोटीच्या पोटावरून खाली ओघळतं. हाताखालचा भाग धुक्यासारखा पांढुरका असतो. मग त्या धुक्यात आधी उजेड येतो, मग रंग, मग आकार. शेडचं पत्र्याचं छप्पर दिसतं, बाहेरचं आंब्याचं झाड दिसतं, आणि कधीतरी आपण दिसतो. कुठल्या घटकेला काय दिसू लागलं ते मला आजवर पकडता आलेलं नाही. इतकी वर्षं मी बघतो आहे आणि दरवेळी ते माझं लक्ष नसतानाच झालेलं असतं.

या कामात माणूस हरवतो. कार्ल्याला घराशेजारी माझी शेड आहे. हायवेवरच्या बसचे हॉर्न तिथे ऐकू येतात, पण घासायला लागलो की ते फार लांब जातात. बायको, सुनंदा, म्हणते की जेवायला तीन हाका मारल्या की तू चौथीला ओ देतोस, आणि तोंडावरून वाटतं झोपेतून उठलास.

भुशीच्या वाटेवर एका हॉटेलच्या तळ्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी होत्या. त्यांच्या माना दरवर्षी माझ्याकडे यायच्या, कारण पर्यटक मानेवर किल्लीने नावं कोरत. मी किती जोड्यांची नावं काढली त्याचा हिशेब नाही. एकदा मी तिथेच बसून मान घासत होतो. एक गृहस्थ बायको आणि दोन मुलांबरोबर आले आणि एकेका हंसाची मान वाकून बघू लागले. बायकोने विचारलं, "काय शोधताय?" ते म्हणाले, "काही नाही, फायबर कसं बनवतात ते बघतोय." मग ती मुलांना भजी घ्यायला घेऊन गेली तसे ते माझ्याजवळ आले.

"मिस्त्री, तीन नंबरच्या हंसावर एक नाव होतं. मानेच्या मागे."

"काढलं असणार. आम्ही सगळी काढतो."

"अगदीच काही राहत नाही?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. पण जाताना त्यांनी तीन नंबरच्या मानेवरून हात फिरवला. बरं झालं हे त्यांना खरंच वाटलं की नाही ते मला कळलं नाही.

तुंगार्लीला एक बाई होत्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये एक लहान शिडाची बोट होती. तिने गेली कित्येक वर्षं पाणी पाहिलेलं नव्हतं. तरी दर दिवाळीआधी मी जाऊन ती आरशासारखी करायची आणि बाईंनी चहा घेऊन त्या बोटीत बसून पेपर वाचायचा. मी म्हणालो, "बाई, हिला एकदा पाण्यात तरी घाला." तर म्हणाल्या, "मग ओरखडे पडतील ना रे." 

आता ती गोष्ट.

पवनेच्या काठावर एक रिसॉर्ट आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांची एक पांढरी बोट दस्तगीरभाई चालवायचे. दस्तगीरभाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. मावळातलेच, धरणाकाठच्या गावचे. मी तिथे पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा बोटीचं कुठलं टोक पुढचं हे मला त्यांनी शिकवलं आणि नंतर कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितलं, "ह्या सिद्धूला बोटीचं डोकं कुटं आन् शेपूट कुटं ते म्या दावलं." त्यांच्या बोटीतून कधी कुणी ओलं होऊन उतरलं नाही, अशी त्यांची ख्याती होती.

चार-पाच वर्षांपूर्वी थंडीत एका सकाळी त्यांच्या बोटीला शेठच्या भाच्याची निळी बोट घासून गेली. दस्तगीरभाईंच्या बोटीत पुण्याचं एक कुटुंब होतं. इंजिन मंद करून ते त्यांना काठावरचे बगळे दाखवत होते. घासल्याच्या हिसक्याने एक वयस्कर बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. भाचा म्हणाला, दस्तगीरभाई समोरून आले आणि माझ्या वाटेत आडवे झाले. दस्तगीरभाई म्हणाले, मी सावकाश पुढं चाललो होतो, हा मागून आला. बोटीतली मंडळी बगळे बघत होती, त्यांना नुसता धक्का कळला. भाच्याच्या बोटीतले त्याचे मित्र होते. ते भाच्यासारखंच बोलले.

बोटवाल्यांची तिथे एक रीत आहे. दोन बोटी धडकल्या की त्या काठावर ओढून ठेवायच्या आणि पाच जुन्या बोटवाल्यांनी येऊन बघेपर्यंत त्यांना पाणी लावायचं नाही, फडका मारायचा नाही. पाच जण बघतात, हात लावतात, बोलतात, आणि चूक कुणाची ते सांगतात. हे कुठे लिहिलेलं नाही. पण पाचांनी ज्याला चुकीचा ठरवलं त्याच्या बोटीत माणसं बसवायची नाहीत, हे दोन्ही काठांवर पाळतात. शेठसारखा मालकसुद्धा त्यांच्या विरोधात जात नाही, कारण शनिवार-रविवारच्या गर्दीला त्याला त्याच लोकांच्या बोटी लागतात.

पाच जण रविवारी येणार होते. दस्तगीरभाईंनी मला फोन केला. "सिद्धू, तू बी ये. मारुतीआबा म्हनले, पोराला बोलीव, त्याला वरखडा वाचता येतो."

आणि येतो. ओरखड्याला दिशा असते. जिथे लागायला सुरुवात होते तिथे जेलकोट चेपतो, कधी टवका उडतो. जिथे संपतो तिथे रेघ बारीक होत विरते. अंगठा फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत लागतं आणि उलट्या बाजूने बारीक खवले टोचतात, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं. समोरासमोर आलेल्या बोटी घासल्या तर रेघा पुढून मागे जातात. मागून कुणी वेगाने आला तर मागून पुढे. यात मतभेदाला जागाच नाही.

शुक्रवारी दुपारी शेठचा फोन आला. मशीन घेऊन ये म्हणाले. मी गेलो तेव्हा दस्तगीरभाई नमाजाला गेलेले होते आणि तिथूनच घरी जाणार होते. निळी बोट सर्व्हिसिंगच्या नावाखाली आधीच पुण्याला पाठवलेली होती. पांढरी बोट काठावर ताडपत्रीखाली होती. शेठनी स्वतः ताडपत्री ओढली.

मी अंगठा फिरवला. हे मी लिहून ठेवतो, कारण याच्यापुढचं सगळं या अंगठ्यावर अवलंबून आहे. मागच्या कोपऱ्याशी टवका उडालेला, रुंद जखम. तिथून निघालेल्या रेघा पुढे जात जात हातभरावर विरलेल्या. त्यात निळ्या रंगाची पूड. मागून पुढे. एका श्वासात कळलं.

मी म्हणालो, "शेठ, रविवारी पाच जण बघणार आहेत."

"ते येतील, चहा पितील, जातील. उद्या माझ्याकडे लग्नाची पार्टी आहे, फोटो याच बोटीत काढायचेत. फोटोत ही घाण येऊ द्यायची का?"

"दस्तगीरभाईंना विचारतो."

"बोट त्यांची आहे की माझी?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मिस्त्री, तुझ्या हाताला तोड नाही. इथं कधी काही झालं होतं हे कुणाला कळताच कामा नये, असं काम तूच करू शकतोस."

माझं निम्मं काम त्या रिसॉर्टचं होतं. मुलगी नर्सिंगला होती. ही कारणं खरी आहेत आणि मी ती कितीतरी वर्षं स्वतःला सांगितली. पण त्या दुपारी शेठनी धमकी दिली नव्हती, आणि मला मुलगीही आठवली नाही. मला ते शेवटचं वाक्य आवडलं होतं. एवढंच.

मी रेघा उघडल्या, निळी पूड पुसून काढली, जेलकोटमध्ये पिवळ्याचे दोन आणि काळ्याचा अर्धा थेंब घालून त्या बोटीचा पांढरा जुळवला, भरला. ऊन चांगलं होतं, माल लवकर कडक झाला. मग घासायला बसलो. वारा पडलेला होता. पाणी इतकं स्थिर होतं की तिकोना किल्ला त्यात उलटा उभा होता. दुधाळ पाणी माझ्या कोपरावरून गवतात उतरत होतं. सहाशे, आठशे, हजार. बगळे परत आले होते. मी स्वतःला सांगत राहिलो की अजून थोडं राहिलंय, अजून थांबता येईल, एवढा एक कागद होऊ दे. दोन हजारच्या कागदाखाली आधी उजेड आला, मग डोंगर आला. त्या दिवशी मला फार सुख झालं होतं, हे लिहिताना लाज वाटते. तेवढं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

रविवारी पाच जण आले. मीही गेलो, न जाणं जास्त दिसलं असतं. मारुतीआबा त्यांच्यात सगळ्यांत वडील. ते बोटीसमोर उभे राहिले, एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने आले.

"कुटं लागल्याली?"

दस्तगीरभाई मागच्या कोपऱ्याशी आले. त्यांनी तळहात ठेवला आणि हळूहळू पुढे नेला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे पाहिलं.

"लय भारी काम केलंस, सिद्धू."

 मग मारुतीआबांनी मला विचारलं, "तू घासलंस ना? मग तू बघितलं असशील. कसा होता वरखडा? म्होरनं माघारी का मागनं म्होरं?"

शेठ व्हरांड्यात खुर्चीवर बसून फोन बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं आबा. घाईत घासला."

ओरखडे काढणारा माणूस ओरखड्याकडे लक्ष नव्हतं म्हणतो, हे शेंबड्या पोरालाही पटणार नाही. त्या पाचांनाही पटलं नाही, मला दिसत होतं. पण माझ्या तोंडून ते पुढे काही काढू शकत नव्हते, आणि बोटीवर तर काहीच उरलं नव्हतं. बघण्याआधी पुसली का म्हणून शेठना विचारलं, तर त्यांनी लग्नाच्या फोटोंचं कारण सांगितलं. भाच्याच्या बाजूने तीन माणसं होती, दस्तगीरभाईंच्या बाजूने ते स्वतः. पाच जणांनी सांगितलं की दस्तगीरभाईंनी माणसं नेऊ नयेत.

शेठनी त्यांना काढलं नाही. त्याचं काठावर कौतुकही झालं. त्यांना लाइफ जॅकेटच्या शेडमध्ये बसवलं. मी कामाला गेलो की ते दिसायचे. माणसाकडे एकदा बघून ते बरोबर मापाचं जॅकेट काढून द्यायचे, बंद आवळून द्यायचे, आणि माणसं बोटीकडे गेली की परत स्टुलावर बसायचे. मला पाहिलं की म्हणायचे, "ये सिद्धू, च्या घे." शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. चहाला काय उत्तर देणार? आणि मी तो प्यायचोही.

गावात कुणीतरी म्हणे, म्हाताऱ्याचा डोळा लागला होता. कुणी म्हणे, नजर गेली होती. नातवाच्या शाळेत कुणीतरी बोललं, तो घरी येऊन विचारत होता, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. विहारात आम्ही पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकी चार मी मोठ्याने म्हणायचो आणि त्या वेळी नुसते ओठ हलवायचो. शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं, माझा घसा धरलाय.

मागच्या पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर आल्या तेव्हा शेठनी ती पांढरी बोट टेम्पोने माझ्या शेडवर पाठवली आणि फोन केला. "मिस्त्री, मागच्या बाजूला एक पट्टा दिसायला लागलाय. तो घालव. बाकी नेहमीचं पॉलिश."

बोट शेडमध्ये उतरवली. मी दोन पावलं मागे आलो आणि खाली बसलो.

पांढरा रंग एक नसतो. जेलकोट उन्हात वर्षानुवर्षं पिवळा पडतो, पण नवा भरलेला माल आणि जुना माल एका चालीने पिवळे पडत नाहीत. ज्या दिवशी जुळवला त्या दिवशी कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं. आता बोट पिवळी होऊन गेली होती आणि मी भरलेला भाग मागे राहिला होता, पांढराशुभ्र. मागच्या कोपऱ्याशी हाताच्या पंजाएवढा रुंद, आणि तिथून पुढे बारीक होत होत गेलेला. जो ओरखडा मी काढला होता तो मीच भरलेल्या मालात जसाच्या तसा उभा होता. शेंडा पुढे, बूड मागे. पावसाळी उजेडात तो इतका शांत दिसत होता की मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

तो घालवणं अवघड नव्हतं. वरून थोडा खरवडून या वेळचा पिवळा जुळवला असता तर पुन्हा चार वर्षं काही दिसलं नसतं. मी चारशेचा कागद पाण्यात टाकला. खरं सांगतो, टाकला.

सुनंदा चहा घेऊन आली. "ही तर त्या दस्तगीरभाईंची बोट ना?"

मग मी तिला सांगितलं. इतकी वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं, कप उचलला आणि म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मला कुठे बोट चालवायची आहे?"

मी दस्तगीरभाईंना फोन केला. शेडवर या म्हणालो, का ते सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले. बोटीच्या मागे उभे राहिले. पट्ट्याच्या बुडाशी अंगठा ठेवला आणि शेंड्यापर्यंत नेला. लागण्यासारखं काही नव्हतं, सगळं गुळगुळीत होतं, तरी नेला.

मी म्हणालो, "भाई, चुकलं माझं."

"चुकलं म्हंजी हात घसरला," ते म्हणाले. "तुझा हात घसरत न्हाई, सिद्धू. म्या बगितलाय." मग छत्री भिंतीला टेकवून ते बाकावर बसले. "मला ठावं व्हतं. त्याच दिशी. तुजं काम येवडं नितळ, तवा तू किती येळ बसला असशील, हे मला कळलं न्हाई व्हय?"

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"म्या बोलून काय? मी तर पयल्यापासनं बोलतच व्हतो. तू बोलायचं व्हतं." छत्री उचलत म्हणाले, "आबांना बोलीव. समद्यांना बोलीव."

पाचांतले एक वारले होते. चौघे आले, शेडमध्ये बाकावर बसले. बाहेर खाचरातली भातं वाऱ्याने वाकत होती. मारुतीआबांनी काठी टेकून पट्टा जवळून पाहिला, मग माझ्याकडे वळले.

"तवा इचारलं तवा काय म्हनला होतास?"

"लक्ष न्हवतं म्हनलो."

"आन् होतं का?"

"होतं, आबा. मागनं म्होरं गेलता. टवका मागं होता. निळी पूड बी होती, ती म्या पुसली."

"शेठनं सांगितलं म्हून?"

"सांगितलं त्यांनी. पन केलं म्या."

आबा परत बाकावर जाऊन बसले. मग म्हणाले, "आमी पाच जन म्हनतो, पन तुला सहावा धरायचो." त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. उठताना बाकीच्यांकडे बघून म्हणाले, "दस्तगीर चालवील आता. दोनी काठांवर सांगा."

शेठनी चार दिवसांत टेम्पो पाठवून बोट नेली. फोनवर म्हणाले, "तुला पट्टा घालवायला सांगितला होता, पंचायत भरवायला नाही." त्यानंतर त्यांचं काम मला आलं नाही. भाचा आता परदेशात आहे असं ऐकतो. त्याच्याकडे कुणी गेलं नाही, मीही नाही.

दस्तगीरभाईंनी रिसॉर्ट सोडलं. पलीकडच्या काठावर मारुतीआबांच्या पुतण्याची बोट आहे, ती ते तो पावसाळा संपल्यापासून चालवतात. नातू सुट्टीत पुढे बसलेला असतो. त्या बोटीचं पॉलिश ते माझ्याकडे देत नाहीत. कामशेतला कुणीतरी आहे, त्याच्याकडून करून घेतात. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बरोबरच आहे.

या हिवाळ्याच्या शेवटी मी काही कामाने पवनेला गेलो होतो. सकाळची वेळ, पाण्यावर धुकं होतं. दस्तगीरभाई आले ते आधी इंजिनाच्या आवाजातून आले, मग धुक्यात एक पांढरं काहीतरी, मग बोट. बोटीत सात-आठ माणसं होती. काठाजवळ आल्यावर त्यांनी इंजिन मंद केलं. मी उभा होतो. माझे डोळे सवयीने बोटीच्या पोटाकडे गेले. मशीन एका जागी थांबवल्याने उठलेली गोल गोल चक्रं तिथपासूनसुद्धा दिसत होती, पुढच्या बाजूला तर जेलकोट जाळून टाकला होता.

दस्तगीरभाईंनी ओळखलं मी काय बघतोय ते. इंजिनावरून ओरडून म्हणाले, "कसं हाय रं पॉलिश, सिद्धू?"

बोटीतली माणसं माझ्याकडे बघू लागली.

"खराब हाय, भाई," मी म्हणालो. "लय खराब."

ते हसले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि माणसं उतरवायला बोट धक्क्याकडे वळवली.